‘ब्रिंकमनशिप’च्या शेपटीतली थट्टा

उत्तर कोरियाने क्षेपणास्त्र उडवलं की ब्रिंकमनशिप. रशियाने आपल्या अण्वस्त्रांची आठवण करून दिली की ब्रिंकमनशिप. सीमेवर फौजा हलल्या काय किंवा एखाद्या मंत्र्याने सभेत आवाज चढवला काय, तीही ब्रिंकमनशिपच. आंतरराष्ट्रीय संबंधांवरचे सिनॉप्सिस वाचताना हा शब्द इतक्या वेळा भेटतो की शेवटी तो दिसेनासा होतो. भारदस्त आहे, वाक्यात कुठेही बसतो. आणि तेच त्याचं दुखणं आहे, कारण वाक्यात कुठेही बसणारा शब्द संशोधनात कुठेच कामाला येत नाही.

तुम्ही पेटची तयारी करत असाल, नेट-सेट झाली असेल आणि आता विषय ठरवायचा असेल, तर आज या एका शब्दापाशी थोडं थांबू या. नुसता अर्थ हवा असेल तर तो शब्दकोशात मिळेल: युद्धाच्या अगदी कडेपर्यंत जाऊन समोरच्याला माघार घ्यायला लावण्याचं धोरण. यात चूक काहीच नाही. पण शब्दकोश हा अर्थ अशा गंभीर चेहऱ्याने देतो की मूळची एक गोष्ट हरवून जाते, आणि माझं भांडण आहे ते त्या हरवलेल्या गोष्टीसाठी. हा शब्द जन्माला आला तो टोमणा म्हणून.

वर्ष १९५६. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस. जानेवारीत ‘लाइफ’ या साप्ताहिकात डलेस यांच्या मुलाखतीवर आधारलेला एक लेख छापून आला. त्यात डलेस यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: युद्धात न पडता युद्धाच्या काठापर्यंत जाता येणं ही आवश्यक कला आहे, ती येत नसेल तर तुम्ही युद्धात ओढले जाल, आणि काठावर जायलाच घाबरलात तर सगळं हराल. कोरिया, हिंदचीन आणि फॉर्मोसा (म्हणजे आजचं तैवान) अशा तीन प्रसंगी आपण त्या काठावर जाऊन आलो, असंही त्यांनी सांगितलं. नीट बघा, ‘ब्रिंकमनशिप’ हा शब्द यात कुठेही नाही. काठ आहे, कला आहे, आणि त्या कलेचा अभिमान आहे.

ते निवडणुकीचं वर्ष होतं. डेमोक्रॅटिक पक्षाचे अॅडलाय स्टीव्हन्सन १९५२ मध्ये आयझेनहॉवर यांच्याकडून हरलेले होते आणि पुन्हा उमेदवारीसाठी उभे होते. फेब्रुवारीत एका भाषणात त्यांनी डलेस यांची खिल्ली उडवली: परराष्ट्रमंत्री आपल्या ब्रिंकमनशिपची बढाई मारतायत, देशाला दरीच्या काठाशी नेऊन ठेवण्याच्या कलेची. शब्द तिथून पसरला.

आता यात विनोद कुठे आहे? तो आहे शब्दाच्या शेपटीत. इंग्रजीत ‘मॅनशिप’ लावून जे शब्द होतात ते पूर्वी खऱ्याखुऱ्या कौशल्यांचे असत: सीमनशिप म्हणजे जहाज हाकण्याचं कसब, मार्क्समनशिप म्हणजे नेमबाजी. मग १९४७ मध्ये स्टीफन पॉटर या इंग्रज विनोदी लेखकाने ‘गेम्समनशिप’ नावाचं पुस्तक काढलं, प्रत्यक्ष लबाडी न करता खेळ जिंकण्याच्या कलेबद्दलचं. त्यातली ‘कला’ म्हणजे काय, तर टेनिसमध्ये चेंडू ढळढळीत बाहेर पडलेला असताना समोरच्याला अत्यंत सभ्यपणे विचारायचं की जरा स्पष्ट सांगाल का, आत होता की बाहेर. बिचारा ओशाळतो आणि पुढचे चार फटके घालवतो. पुस्तक गाजलं, पॉटरने पुढे ‘लाइफमनशिप’ आणि ‘वन-अपमनशिप’ही लिहिली, आणि ‘मॅनशिप’ ही शेपटी कायमची बदनाम झाली. स्टीव्हन्सन यांच्या श्रोत्यांना हा सगळा मागचा हशा माहीत होता. त्यांच्या कानावर पडलं ते असं: या गृहस्थांना वाटतं की अणुयुद्धाच्या काठावर फिरून येणं हे एक कसब आहे, आणि ते यांना येतं!

मराठीत हाच प्रकार ‘गिरी’ या प्रत्ययाचा झालाय. कामगिरी, मुलूखगिरी, कारागिरी म्हटलं की मान ताठ होते. चमचेगिरी, दादागिरी, भाईगिरी म्हटलं की ओठ मुडपतो. प्रत्यय तोच, पण दुसऱ्या गटात तो ‘म्हणे काय तर हे याचं कर्तृत्व’ असं सुचवतो. डलेस यांना वाटत होतं आपण मुलूखगिरीवर आहोत. स्टीव्हन्सन म्हणाले, नाही हो, ही तुमची कडेगिरी आहे. (हा शब्द मी बनवलाय. सिनॉप्सिसमध्ये वापरू नका, गाइड विचारतील कुठून आणला.)

एवढ्या लांबून सांगण्याचं कारण असं की पुढे चार-पाच वर्षांतच या शब्दातला हशा गेला आणि दावा तेवढा उरला. कसा गेला ते बघण्यासारखं आहे.

गेला तो मुख्यतः थॉमस शेलिंग यांच्यामुळे. हे अर्थशास्त्रज्ञ, २००५ मध्ये रॉबर्ट ऑमन यांच्यासोबत त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. १९६० चं ‘द स्ट्रॅटेजी ऑफ कॉन्फ्लिक्ट’ आणि १९६६ चं ‘आर्म्स अँड इन्फ्लुअन्स’ ही त्यांची दोन पुस्तकं या विषयात टाळताच येत नाहीत. त्यांच्यासमोरचा प्रश्न अगदी खरा होता. दोन्ही बाजूंकडे अणुबॉम्ब असताना ‘ऐकलं नाहीस तर बॉम्ब टाकीन’ या धमकीवर कोण विश्वास ठेवणार? ती अमलात आणणं म्हणजे आत्महत्या. मग अशा धमकीने काही साधतं ते कसं?

शेलिंग यांचं उत्तर असं की युद्धाची धमकी देता येत नसली तरी युद्धाच्या शक्यतेची देता येते. मी मुद्दाम बॉम्ब टाकणार नाही, हे तुलाही माहीत आहे. पण मी अशी परिस्थिती निर्माण करीन की जी माझ्याही हातात पूर्णपणे राहणार नाही. तू जितका वेळ अडून बसशील तितका, आपल्या दोघांच्याही इच्छेविरुद्ध काहीतरी भडकण्याचा संभव वाढत जाईल. काहीतरी नशिबावर सोडणारी धमकी, असं त्यांनी या प्रकाराचं वर्णन केलं. आणि इथे त्यांनी ‘ब्रिंक’ या शब्दाचं चित्रच बदलून टाकलं. त्यांच्या मते काठ म्हणजे धारदार कडा नव्हे, की जिथे उभं राहून खाली बघावं आणि उडी मारायची की नाही ते ठरवावं. काठ म्हणजे उतार, पुढेपुढे तीव्र होत जाणारा, जिथे उभं राहता येतं पण पाय घसरण्याचा धोका सतत असतो. शिवाय दोन्ही गिर्यारोहक एकाच दोराने बांधलेले. एक घसरला की दुसराही गेला.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हे पटकन कळेल. कड्यावर भीती वाटते, पण कडा सरळ असतो, तो कुठे संपतो हे दिसतं. घसारा वेगळा. सुटी माती, मुरूम, कोणता दगड पायाखालून जाईल याचा भरवसा नाही. घसाऱ्यावर मुद्दाम दोन पावलं पुढे जाऊन दोराच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला ‘आता मान्य कर’ असं म्हणणं, ही झाली शेलिंगची ब्रिंकमनशिप.

या व्याख्येने एक मोठं काम होतं. शेजारचे शब्द वेगळे काढता येतात. पहिलवान आखाड्यात उतरण्याआधी शड्डू ठोकतो. आवाज होतो, मातीला हात लागतो, पण अजून कुणी कुणाला धरलेलं नसतं आणि धोका वाढलेला नसतो. इंग्रजीत याला सेबर-रॅटलिंग म्हणतात, म्यानातल्या तलवारींचा खडखडाट. पहिल्या महायुद्धाआधीच्या जर्मनीच्या कैसरची ही ख्याती होती. तुमच्या सिनॉप्सिसमधली निम्मी तथाकथित ब्रिंकमनशिप खरं तर शड्डू ठोकणं असते. दुसरा शब्द डिटरन्स. त्याला आपला साधा ‘धाक’ हा शब्द मला फार आवडतो. समोरच्याने काही करू नये म्हणून धाक असतो, आणि धाक बसलेला असला की काही करावंच लागत नाही. तिसरा शब्द कम्पेलन्स, हा शेलिंग यांनीच १९६६ च्या पुस्तकात रूढ केला: समोरच्याने काही करावं, सुरू केलेलं थांबवावं किंवा घेतलेलं सोडावं म्हणून दबाव आणणं. ब्रिंकमनशिप ही या दोन्हींसाठी वापरता येणारी एक रीत आहे, त्यांचा समानार्थी शब्द नाही. तिची खूण एकच: धमकी देणाऱ्याचा स्वतःचा ताबा काही अंशी सुटलेला असणं. ताबा पूर्ण असेल तर तिला दुसरं काहीही म्हणा.

इथवर मी शेलिंग यांच्या बाजूची आहे. पुढे नाही.

त्यांच्या १९६६ च्या पुस्तकातल्या तिसऱ्या प्रकरणाचं शीर्षक आहे ‘द मॅनिप्युलेशन ऑफ रिस्क’. धोक्याची हाताळणी म्हणा. हा ‘हात’ कुठून आला? धोका खरोखर हाताबाहेरचा असेल तर तो हाताळायचा कसा. आणि हाताळता येत असेल तर तो धोका कसला, ते तर नाटक. शेलिंग यांना ही अडचण ठाऊक होती. त्यांचं उत्तर असं सांगता येईल की उतारावर किती पुढे जायचं हे निवडता येतं, घसरायचं की नाही हे निवडता येत नाही. ठीक. पण मग कसब असलंच तर ते आत शिरण्यात आहे. सुखरूप बाहेर येण्यात कसब किती आणि योगायोग किती, हे ब्रिंकमनशिप या शब्दावरून कधीच कळत नाही. उलट शेपटीतला ‘मॅनशिप’ आधीच सांगून मोकळा होतो की हे कसबच होतं. स्टीव्हन्सन नेमके त्या दाव्याला हसले होते. शेलिंगनंतरच्या पिढीने, विशेषतः ज्यांनी शेलिंग मुळातून न वाचता पाठ्यपुस्तकातून घेतला त्यांनी, तो दावा संकल्पना म्हणून स्वीकारला.

हे नुसतं शब्दांचं भांडण नाही, हे दाखवायला मी ऑक्टोबर १९६२ घेते. त्या महिन्यात जगात एकाच वेळी दोन ठिकाणी ‘कडेपर्यंत’ जाणं चालू होतं, आणि आपण त्यातल्या एकालाच सहसा ब्रिंकमनशिप म्हणतो.

पहिलं क्युबा. सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली, २२ ऑक्टोबरला केनेडी यांनी नौदलाची नाकेबंदी जाहीर केली, २८ तारखेला ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं काढून घेत असल्याचं सांगितलं. पाठ्यपुस्तकात हे यशस्वी ब्रिंकमनशिपचं पहिल्या नंबरचं उदाहरण. आता फक्त २७ ऑक्टोबर हा एक दिवस बघा. क्युबावर अमेरिकेचं यू-२ हे टेहळणी विमान पाडलं गेलं, वैमानिक रुडॉल्फ अँडरसन ठार झाले. क्षेपणास्त्र डागण्याचा हुकूम मॉस्कोचा नव्हता, तिथल्या स्थानिक सोव्हिएत अधिकाऱ्यांचा होता. त्याच दिवशी अलास्काहून निघालेलं दुसरं यू-२ वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. त्याच दिवशी क्युबाजवळच्या समुद्रात अमेरिकन युद्धनौका बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीला वर येण्यास भाग पाडत होत्या, आणि त्या पाणबुडीवर अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो आहे हे त्यांना माहीत नव्हतं. क्युबात सोव्हिएत सैन्याकडे रणांगणावर वापरायची छोटी अण्वस्त्रंही होती, हे अमेरिकनांना कळलं १९९२ मध्ये, हवानातल्या एका परिषदेत. पाणबुडीच्या टॉर्पेडोची कथा जगापुढे आली ती आणखी दहा वर्षांनी, २००२ मध्ये, तीही हवानातच.

म्हणजे शेलिंग यांनी १९६६ मध्ये क्युबाबद्दल लिहिलं तेव्हा उताराचा निम्मा भाग धुक्यात होता. त्यांना दोष देत नाही. मिळेल त्या साधनांवर प्रत्येक जण लिहितो. पण १९९२ आणि २००२ नंतरही जे लोक केनेडींची ‘धोक्याची हाताळणी’ शिकवतात त्यांना विचारायला हवं: ज्या धोक्याचं अस्तित्वच केनेडींना ठाऊक नव्हतं, तो त्यांनी हाताळला कसा? शिवाय, तुर्कस्तानातली आपली ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घेण्याचं आश्वासन केनेडींच्या बाजूने गुप्तपणे दिलं गेलं होतं, आणि ते दोन दशकांहून जास्त काळ अधिकृतपणे दडवून ठेवलं गेलं. समोरचा घाबरून मागे सरला ही गोष्ट अर्धीच होती. उरलेली अर्धी देवाणघेवाणीची होती.

दुसरं ठिकाण आपल्या घरचं. नोव्हेंबर १९६१ पासून भारताने लडाखमध्ये, आणि पुढे पूर्वेकडेही, ‘फॉरवर्ड पॉलिसी’ राबवली. दावा केलेल्या प्रदेशात, चिनी चौक्यांच्या आसपास, जमल्यास त्यांच्या रसदीच्या वाटांवर, आपल्या छोट्या छोट्या चौक्या उभ्या करायच्या. गृहीत असं की चीन विरोध करील, पण मोठा हल्ला करणार नाही. जुलै १९६२ मध्ये गलवानमधल्या भारतीय चौकीला चिनी सैन्याने वेढलं, पण गोळी चालवली नाही. दिल्लीने त्यातून अर्थ काढला की ठाम राहिलं की चीन थांबतो. २० ऑक्टोबरला हल्ला झाला. केनेडींची नाकेबंदीची घोषणा त्यानंतर दोन दिवसांनी. कृष्ण मेनन गेले आणि नोव्हेंबरमध्ये यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, ही पुढची गोष्ट मराठी वाचकाला सांगायला नको.

आता प्रश्न. फॉरवर्ड पॉलिसीला तुम्ही ब्रिंकमनशिप म्हणाल का? आपल्याकडचे बहुतेक लेखक तिला भाबडेपणा म्हणतात, घोडचूक म्हणतात. केनेडींचं पाऊल मात्र ब्रिंकमनशिप. का? एकाचा शेवट चांगला झाला आणि दुसऱ्याचा वाईट, याशिवाय दुसरं कारण त्या लेखनात सापडतं का, ते शोधून बघा. मला फारसं सापडत नाही. यश मिळालं तर कसब आणि नाही मिळालं तर मूर्खपणा, असं ज्या शब्दाचं वर्तन आहे त्या शब्दाने कारणं शोधता येत नाहीत. संशोधन पद्धतीच्या पेपरात आपण हे एका वाक्यात पाठ करतो: निकाल बघून उदाहरणं निवडू नयेत. इथे निवडायचं काम आपण करतही नाही, शब्दच आपल्यासाठी परस्पर करून टाकतो.

अर्थात याचं एक प्रामाणिक उत्तर आहे, आणि ते व्याख्येत आहे. रिचर्ड नेड लेबो यांचं ‘बिट्वीन पीस अँड वॉर’ हे १९८१ चं पुस्तक मिळवा. लेबो आंतरराष्ट्रीय पेचप्रसंगांचे तीन प्रकार करतात आणि त्यांतल्या एकाला ब्रिंकमनशिप हे नाव देतात. त्यांच्या लेखी ब्रिंकमनशिप म्हणजे समोरच्याच्या एखाद्या महत्त्वाच्या बांधिलकीला जाणूनबुजून आव्हान देणं, तो माघार घेईल या अपेक्षेने, युद्ध नको असताना. इथे ताबा सुटण्याची अट नाही. निकालाचीही नाही. म्हणूनच लेबो यांच्या पुस्तकात भारत-चीन १९६२ ब्रिंकमनशिपचं उदाहरण म्हणून येतं आणि क्युबाच्या शेजारी बसतं. शेलिंगची कसोटी लावली तर फॉरवर्ड पॉलिसी बाहेर पडते असं माझं मत आहे. दिल्लीला वाटत होतं मोठं युद्ध होणारच नाही; ज्याला उतार दिसलाच नाही त्याने उताराचा वापर करून दबाव आणला असं कसं म्हणायचं? एकाच घटनेला एका व्याख्येने होय आणि दुसरीने नाही. तुमच्या प्रबंधात दोघांचीही नावं एकाच कंसात संदर्भ म्हणून आली असतील, तर व्हायव्हाला कुणीतरी हा प्रश्न काढणार हे धरून चाला.

लेबो यांचं आणखी एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. आव्हान देणारे नेते बहुतेक वेळा समोरचा कमकुवत आहे म्हणून पुढे जात नाहीत. ते जातात कारण घरात त्यांच्यावर दबाव असतो, खुर्ची डळमळत असते. मग समोरचा मागे सरेल हे त्यांना खरं वाटायला लागतं, कारण ते खरं असायची त्यांना गरज असते. गलवानच्या त्या जुलैमधल्या वेढ्याचा लावलेला अर्थ या प्रकाशात पुन्हा वाचा, आणि संसदेत तेव्हा नेहरूंवर काय टीका होत होती तेही बाजूला ठेवून वाचा. कसब हा शब्द इथे कुठे बसतच नाही.

या शब्दाचा हल्लीचा प्रवास थोडक्यात. तो आता शस्त्रांपुरता राहिलेला नाही. अमेरिकेत सरकारी कर्जाची मर्यादा वाढवायची की नाही यावर काँग्रेसमध्ये भांडण झालं की वर्तमानपत्रं ब्रिंकमनशिप लिहितात. गंमत म्हणजे हा वापर बंदुकीच्या कितीतरी वापरांपेक्षा शेलिंगच्या जवळचा आहे. २०११ मध्ये शेवटच्या क्षणी तोडगा निघाला, तरी ऑगस्टमध्ये स्टँडर्ड अँड पुअर्सने अमेरिकेचं पतमानांकन एक पायरी खाली आणलंच. कडेवरून परत आलात तरी जाण्याची किंमत पडते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळाच घोळ आहे. ‘युद्धाच्या उंबरठ्यावर’ ही आपल्या वर्तमानपत्रांची लाडकी शब्दयोजना. उंबरठ्याला आत आणि बाहेर असतं, पाय उचलून मागे घेता येतो, आणि उंबरठ्यावर कुणी घसरत नाही. म्हणजे शेलिंगने जे चित्र पुसायचा प्रयत्न केला तेच आपण परत काढतो. ‘कडेलोटाचं राजकारण’ जास्त भारी वाटतं, पण कडेलोट ही शिक्षा आहे. रायगडाच्या टकमक टोकावरून गुन्हेगाराला ढकललं जाई. ढकलणारा वर सुरक्षित उभा. इथे तर दोघं एका दोराने बांधलेले. माझ्या मते सगळ्यात जवळ जातं ते आपलं घरगुती ‘तुटेपर्यंत ताणणं’. दोन्ही टोकांना दोघं ओढतायत, कितव्या हिसक्याला तुटेल हे कुणालाच माहीत नाही, आणि ‘फार ताणू नकोस’ असं सांगताना आपण कधीही गृहीत धरत नाही की ताणणाऱ्याला नेमका क्षण कळतो. फक्त यात कसबाचा तोरा नाही, आणि तोरा नसला की स्टीव्हन्सन यांचा टोमणा जातो. भाषांतरात सगळं येत नाही. प्रबंधात मी ‘ब्रिंकमनशिप’ तसाच ठेवते आणि पहिल्या वापराला दोन वाक्यांत सांगते की कोणाच्या अर्थाने.

तुम्हीही निदान एवढं करा. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये हा शब्द जिथे जिथे आलाय तिथे तो खोडून ‘धमकी’ हा साधा शब्द लिहून बघा. वाक्याचं काही बिघडलं नाही तर तिथे धमकीच राहू द्या. बिघडलं, तर नेमकं काय हरवलं ते समासात लिहा: ताबा सुटण्याचा धोका, समोरच्याच्या बांधिलकीला दिलेलं आव्हान, की नेत्याच्या हुशारीचं कौतुक. तिसरं निघालं तर ते तुमच्या साधनांमधून आलंय की तुमच्या मनातून, हे तपासावं लागेल. आणि साधनांबद्दल सांगायचं तर क्युबाबाबत आज अमेरिकन आणि सोव्हिएत दोन्ही बाजूंचे कागद बऱ्यापैकी वाचता येतात. १९६२ च्या भारत-चीन युद्धावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल मात्र सरकारने अनेक दशकं गोपनीय ठेवला. त्याचा काही भाग बाहेर आला तो २०१४ मध्ये, नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने स्वतः इंटरनेटवर टाकला म्हणून. तेव्हा दोन्ही प्रसंगांची तुलना करायचा मोह झाला तर दोन पारड्यांत सारखा कागद नाही हे आधी नोंदवा.

पुढच्या लेखात कम्पेलन्स घेणार आहे. तोवर ‘आर्म्स अँड इन्फ्लुअन्स’चं दुसरं आणि तिसरं प्रकरण वाचून ठेवा, आणि जमल्यास लेबोंचं पेचप्रसंगांच्या प्रकारांबद्दलचं विवेचनही. लेबो आधी वाचलेत तर शेलिंगशी भांडायला जास्त मजा येईल.